देवळालीचा ताप

इंग्रजीच्या तासाला सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक अवघड शब्द लिहायचे. आठवीत असताना एकदा तिथे ‘डुलाली’ आला. सरांनी वळून विचारलं, “देवळाली कॅम्पहून येणारे कोण कोण रे?” चार-पाच हात वर झाले. “तुमच्या गावाने इंग्रजांना दिलेला शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला.” वर्गात हशा पिकला. त्या बिचाऱ्यांची दहावीपर्यंत सुटका झाली नाही.

मग धडा राहिला बाजूला. कसारा घाटातून आगगाडी १८६५ साली वर चढली आणि मुंबई बंदराला देवळालीची छावणी जवळची झाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्याआधी इथे येऊन थांबत. पण सैनिकांना नेणारी जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्चपर्यंत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली त्याने काय करायचं? अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा! धड काम नाही, घरी जायची घाई, हाताशी दारू. कुणी मारामाऱ्या करून कोठडीत जाई, कुणी नुसताच भ्रमिष्टासारखा वागू लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या ब्रिटिश शिपायाने १९३६ च्या आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

बराकीत या अवस्थेचं नाव पडलं ‘डुलाली टॅप’. सरांनी इथे खडू खाली ठेवला. “टॅप म्हणजे नळ नव्हे. ताप!” फारसीतला ‘तप’ हिंदुस्थानीतून गोऱ्यांच्या तोंडी बसला, आपला संस्कृत ‘ताप’ त्याच्याच भाऊबंदांतला. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि नुसता ‘डुलाली’ उरला. इंग्लंडमध्ये आजही एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसलं की ‘गॉन डुलाली’ म्हणतात. म्हणणाऱ्या बहुतेकांना ते गाव आहे याचा पत्ताही नसतो.

मला स्वतःला हे जरा अन्यायाचंच वाटतं. मुंबईची माणसं ज्या देवळालीला हवापालटासाठी येतात, सॅनिटोरियममध्ये महिना-महिना राहतात, तिच्या नावावर वेडाचं खापर! दोष जहाजांच्या वेळापत्रकाचा, बदनामी गावाची. सरांपुढे हे बोललो असतो तर त्यांनी ते इंग्रजीत लिहून आणायला लावलं असतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो.

सहामाहीच्या पेपरात हाच शब्द वाक्यात उपयोगासाठी आला. नाशिकरोडच्या एका पठ्ठ्याचे वडील कॅम्पात नोकरीला होते. त्याने लिहिलं, ‘माय फादर गोज डुलाली एव्हरी डे.’ सरांनी पूर्ण गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं : ‘वाक्य बरोबर. वडिलांना सांभाळ.’