तुम्ही विचारलंत म्हणून: पुलाचे काम मध्येच का थांबते?

मी बांधकामांची वेळापत्रके करतो हे कळले की परभणीत लग्नाच्या पंगतीतही एकच प्रश्न येतो: "खोदून ठेवलेला पूल वर्षभर तसाच का पडतो? आधी नियोजन करीत नाही का?" करतो, पण नकाशाच्याही आधी मी करारनामा उघडतो, कारण पैसा केव्हा सुटणार हे तिथे ठरलेले असते.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदेत ठेकेदार अंदाजपत्रकाच्या किती टक्के वर किंवा खाली काम करणार ते लिहितो आणि मोजमाप पुस्तिकेत चढेल तेवढ्याचेच बिल निघते. साहजिकच मातीकाम, खडीकाम अशी झटपट मोजली जाणारी कामे पुढे धावतात आणि कडेची गटारे मागे राहतात. एकरकमी करारात बिल टप्प्यावर असते. तिथे स्लॅब पडेपर्यंत रात्रंदिवस काम चालते आणि गिलाव्याला माणसे मिळत नाहीत.

आमच्याकडचा खरा अडसर मात्र काळी माती आणि "पावसाळ्यासह १२ महिने" ही मुदत, म्हणजे पावसाचे महिनेही त्यातच मोजायचे. एका ओढ्यावरच्या लहान पुलाचा कार्यारंभ आदेश मे महिन्यात निघाला. पाया नकाशातल्या खोलीला पोहोचला तरी तो टेकवायला लागणारा पक्का मुरूम लागेना. वाढीव खोदाईला वरून मंजुरी हवी होती. ती येईपर्यंत पाऊस आला, खड्डा भरला आणि फुगलेल्या मातीत पोकलेन उतरेना. खोदाई थांबली त्याच दिवशी मी नोंदवहीत "काळी माती, मुरूम नाही, खोदाई थांबवली" असे लिहून शाखा अभियंत्यांची तारखेसह सही घेतली होती. पुढे दंडाची भाषा सुरू झाली तेव्हा मुदतवाढ मिळाली ती त्याच ओळीवर.

कायदाही लेखी कागदच मागतो. मुदत हा कराराचा गाभा असताना उशिरा झालेले काम मालकाने स्वीकारले, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याशिवाय त्याला उशिराची भरपाई मागता येत नाही, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५५ सांगते. म्हणून कामावरचा निम्मा दिवस पत्रे लिहिण्यात जातो. ती लिहावीच लागतात. पण निविदेआधी पायाच्या जागी खालची माती तपासायला नीट बोअर घेतले, तर त्यांतली बरीचशी वाचतील, असे मला मनापासून वाटते.

कामाच्या फलकावर कार्यारंभाची तारीख लिहिलेली असते, ती पाहा. ती मे-जूनची असेल आणि ओढा काळ्या रानातला असेल, तर माझ्या वेळापत्रकात पाया दिवाळीनंतरच धरलेला असतो.