बदलत्या मजकुराची अनुक्रमणिका

छापील पुस्तकाची अनुक्रमणिका पाने पक्की झाल्यावर तयार होते आणि निदान त्या आवृत्तीपुरती तरी बदलत नाही. टेक्स्ट एडिटरच्या बाजूच्या पट्टीतल्या अनुक्रमणिकेला ही निश्चिंती नसते, कारण तिच्या आधाराचा मजकूर प्रत्येक कळीसरशी बदलत असतो. मार्कडाउनमधल्या, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हांनी मथळे वगैरे दाखवण्याच्या पद्धतीतल्या, दीर्घ लेखनासाठी सध्या मी एका एडिटरला अशी अनुक्रमणिका जोडतो आहे. काम पुढे सरकत गेले तसे माझे एक मत पक्के झाले: मथळे शोधून काढणे हा या कामाचा लहान भाग आहे, आणि मजकूर हलत असताना प्रत्येक मथळ्याची ओळख टिकवून धरणे हा मोठा.

९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ज्या एनएलएस नावाच्या संगणक-प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले, तिच्यात मजकूर मुळातच श्रेणीबद्ध विधानांच्या रूपात साठवला जाई आणि त्यातल्या किती पातळ्या पडद्यावर दिसाव्यात हे वापरणाऱ्याला ठरवता येई. रचना मजकुरातच होती; ती अंदाजाने ओळखण्याची वेळ येत नव्हती. साध्या मजकुराच्या फाइलीत नुसत्या ओळी असतात, आणि त्यांतली कोणती ओळ मथळा आहे हे एडिटरला पुन्हा पुन्हा ठरवावे लागते.

मार्कडाउनचे नियम वाचताना सोपे वाटतात. एक ते सहा # चिन्हे, त्यांच्यामागे मोकळी जागा, मग मथळा. एवढ्यावर भिस्त ठेवून प्रत्येक ओळ तपासली, की कोडच्या चौकटीत (संगणकाच्या आज्ञा जशाच्या तशा दाखवण्यासाठी वेगळ्या केलेल्या भागात) शेल स्क्रिप्टची # ने सुरू होणारी टिप्पणी थेट पहिल्या पातळीचे प्रकरण बनून अनुक्रमणिकेत येते. मथळ्याची दुसरी रीत, म्हणजे ओळीखाली === किंवा --- आखण्याची, आणखी फसवी आहे. फाइलीच्या डोक्यावर दोन --- ओळींच्या मध्ये शीर्षक आणि तारीख लिहिलेली असेल आणि पार्सरला (मजकुराची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामला) त्या भागाची वेगळी माहिती दिलेली नसेल, तर खालच्या --- मुळे वरच्या ओळी नियमानुसारच दुसऱ्या पातळीचा मथळा ठरतात.

यापेक्षा विचार करायला लावणारी गोष्ट टंकन चालू असताना घडते. लेखकाने मजकुराच्या मध्येच कोडची चौकट उघडण्यासाठी तीन उलट अवतरणचिन्हे दिली, की कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या काटेकोर प्रमाणित रूपाच्या, नियमानुसार न मिटलेली चौकट दस्तऐवजाच्या शेवटापर्यंत पोहोचते, म्हणजे तिच्याखालचा एकही मथळा मथळा राहत नाही. पार्सर इथे पूर्णपणे बरोबर असतो. तरीही अर्धी अनुक्रमणिका डोळ्यांदेखत नाहीशी व्हावी आणि चौकट मिटताच परत यावी, ही वागणूक मला मान्य नाही. त्यामुळे न मिटलेल्या चौकटीच्या पोटात गेलेले मथळे मी पट्टीतून काढत नाही, केवळ फिके करतो. चौकट मिटली की ते पूर्ववत होतात. ती तशीच ठेवून फाइल जतन केली, तरच ते जातात. व्याकरणाच्या अचूकपणापेक्षा पट्टीची स्थिरता मोठी, असे मी इथे ठरवले आहे, आणि यावर मतभेद होऊ शकतो हे मला ठाऊक आहे.

आता ओळखीचा प्रश्न. वाचकाने एखादा विभाग मिटवून ठेवला, तर ती मिटलेली अवस्था कशाच्या नावावर लिहून ठेवायची? ओळीच्या क्रमांकावर लिहिली, तर फाइलीच्या आरंभी एक रिकामी ओळ घातल्याबरोबर सगळे हिशेब चुकतात. मथळ्याच्या शब्दांवर लिहिली, तर मथळ्यातले एक अक्षर सुधारताच मिटलेला विभाग फटकन उघडतो. शिवाय ‘उदाहरण’ किंवा ‘टीप’ असे मथळे एकाच लेखात अनेकदा येतात. या दोन्ही वाटा टाळून मजकुरातच सरकती खूण ठेवणे बरे. तिच्या आधी मजकूर घातला वा काढला, तर ती आपोआप पुढेमागे सरकते. ईमॅक्स या एडिटरमध्ये तिला मार्कर म्हणतात, निओव्हिम या एडिटरमध्ये एक्स्टमार्क.

नेमक्या खुणेच्या जागीच अक्षर घातले गेले तर खूण त्याच्या आधी राहावी की पुढे जावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो टाळता येत नाही. ईमॅक्सचा मार्कर एरवी आधी राहतो, निओव्हिमची एक्स्टमार्क पुढे जाते. मथळ्याच्या अगदी आरंभी कर्सर ठेवून एंटर दाबला, तर मथळा खालच्या ओळीवर जातो आणि खूणही त्याच्याबरोबर जायला हवी. म्हणून मी दुसरी पद्धत स्वीकारली आहे. मजकूर पुन्हा पार्स झाला की नवे मथळे आधी खुणांच्या जागेवरून जुन्यांशी जुळवायचे, आणि जे उरतील ते पातळी, शब्द व वरचा मथळा यांवरून. ही दुसरी फेरी कापून दुसरीकडे चिकटवलेल्या विभागांसाठी लागते, कारण कापताना खुणेखालचा मजकूरच जातो.

कर्सर कोणत्या विभागात आहे हे काढणे त्यामानाने सरळ आहे: मथळ्यांच्या जागा चढत्या क्रमाने असतातच, त्यामुळे कर्सरच्या आधीचा शेवटचा मथळा द्विभाजन शोधाने (यादी दर वेळी अर्धी करत) लगेच सापडतो. स्क्रोल करताना मात्र कर्सर एका विभागात आणि डोळे दुसऱ्या विभागात असतात, म्हणून पट्टीत कर्सरचा विभाग ठळक आणि पडद्यावर दिसणारे विभाग सौम्य छटेत दाखवलेले बरे. कर्सर मिटलेल्या विभागात शिरला, तर काही एडिटर ती फांदी आपणहून उघडतात. मला ते आगाऊपणाचे वाटते. सर्वांत जवळचा दिसणारा वरचा मथळा ठळक केला की पुरे.

पहिल्या पातळीनंतर एकदम तिसरी आली, तर मध्ये खोटा मथळा घालू नये, एवढेच.

देवनागरी मजकुरात जागा मोजण्याचे एकक फार जपावे लागते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या दोन रूढ पद्धतींपैकी यूटीएफ-१६ मध्ये ‘मथळा’ हा शब्द ४ एकके घेतो आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. एडिटर व भाषा-सर्व्हर (मजकूर तपासून एडिटरला माहिती पुरवणारा प्रोग्राम) यांच्यातल्या एलएसपी या संकेतात जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात; तिथे कोणी बाइटची संख्या दिली, तर रोमन मजकुरावर केलेली चाचणी बिनबोभाट पार पडते आणि मराठी मथळ्यावर कर्सर भलतीकडे जातो. मथळे गाळून शोधण्याच्या रकान्यातही तसेच. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन घटक जोडून लिहिता येते, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराच्या निरनिराळ्या लेखनरीती एका रूपात आणण्याने) हा फरक मिटतो. पण ‘दऱ्या’ हा शब्द शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) वापरून लिहिलेला असला तर तो प्रमाणीकरणाला दाद देत नाही, त्यासाठी शोधात स्वतंत्र नियम घालावा लागतो.

कळफलकावरून पट्टीत फिरताना उजवा बाण फांदी उघडतो, डावा मिटवतो, आणि फांदी आधीच मिटलेली असेल तर डावा बाण वरच्या मथळ्यावर नेतो. वेबवरच्या वृक्ष-रचनेच्या सुगम्यतेसाठी हीच रीत सांगितलेली आहे, तिच्यात नवे काही शोधण्याचे कारण नाही. फिरताना मजकूर सोबत सरकावा, एंटरने तिथे मुक्काम पडावा आणि एस्केपने मूळ जागी परत येता यावे.

पट्टीतून अख्खा विभाग वरखाली हलवण्याची सोय मी शेवटी घेतली आहे. ती एकाच अनडूमध्ये पूर्ववत झाली पाहिजे, हे उघड आहे. कमी उघड आहे ते असे की फाइलीच्या शेवटच्या विभागानंतर पुष्कळदा नवी ओळ नसते, आणि तो विभाग तसाच वर नेला तर त्याची शेवटची ओळ पुढच्या मथळ्याच्या # ला चिकटून तो मथळाच नाहीसा होतो. तिथे एक नवी ओळ घातली तर # चे मथळे वाचतात; पण ज्या मथळ्यांखाली === आखलेले असते, त्यांच्याआधी एक पूर्ण रिकामी ओळ लागते, नाहीतर वरचा परिच्छेदसुद्धा मथळ्यात ओढला जातो.