वहीतले चोवीस महिने

कारागृहातल्या विधी सहाय्य कक्षात मी आठवड्यातून एकदा जाते. जून 2025 मधल्या त्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी एक काका होते. साठीच्या पुढचे, जन्मठेपेचे बंदी. बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, माझी चौदा वर्षं भरली. सुटकेचा अर्ज लिहून द्या."

पुराव्याला शंभरपानी वही आणली होती. मार्च 2011 मध्ये अटक झाली तेव्हापासून दर महिन्याला एक ओळ. अक्षर बारीक, ओळी सरळ.

चौदा वर्षं भरली की दार उघडतं, हा समज आत फार पक्का आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, आणि चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारे माफीचे दिवस साठले म्हणून सुटका आपोआप होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात सांगितलंय. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला मुदतपूर्व सोडता येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 475 आहे. चौदा वर्षं हा उंबरठा. पुढे गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे कॅटेगरी लागते, पोलिसांचा अहवाल येतो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत घेतलं जातं आणि मग प्रस्ताव गृह विभागात जातो.

मी त्यांचा नॉमिनल रोल, म्हणजे कारागृहाने ठेवलेला शिक्षेच्या हिशेबाचा कागद, मागवला. त्यावर प्रत्यक्ष शिक्षा होती 11 वर्षं 10 महिने.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग वही माझ्याकडे सरकवली. 2020 च्या मे महिन्यापासून पुढच्या चोवीस ओळींसमोर एकच शब्द लिहिला होता, 'घरी'. कोरोनातली आकस्मिक अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. तुरुंगातली गर्दी कमी करायला सरकारनेच सोडलं होतं आणि मुदत वाढत वाढत गेली होती. बोलावल्यावर हे काका ठरल्या दिवशी गेटवर हजर झाले होते.

आता मला सांगावं लागलं. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात. अभिवचन रजेचे धरत नाहीत. ती दोन वर्षं वजा.

"पण मी पळालो नाही ना ताई?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रजेचा नियम मला मान्य आहे. पण हे दिवस शिक्षेत धरले जाणार नाहीत, ही एक ओळ रजेच्या आदेशासोबत मोठ्या अक्षरात, वाचून दाखवून द्यायला हवी होती. माणूस पाच वर्षं चुकीची बेरीज उराशी धरून बसला होता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

तरी हिशेब जुळेना. मार्च 2011 पासून 14 वर्षं 3 महिने. त्यातून दोन वर्षं गेली तरी 12 वर्षं 3 महिने उरायला हवेत. पाच महिने कुठे गेले? वहीचं पहिलं पान उघडलं. सुरुवातीच्या पाच ओळींसमोर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या जेलचं नाव होतं. कच्चे कैदी असताना त्यांना आधी तिथे ठेवलं होतं, मग इकडे हलवलं. नॉमिनल रोलमध्ये कच्ची कैद मोजली होती ती इथे आल्या तारखेपासून. खटला चालू असतानाचे दिवस शिक्षेतून वळते होतात, जन्मठेपेतसुद्धा. हे पाच महिने त्यांच्या हक्काचे होते.

अर्ज लिहिला, पण सुटकेचा नव्हे. त्या जेलकडून दाखल-खारीज तारखांचा दाखला मागवून नॉमिनल रोल दुरुस्त करावा, एवढाच. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सुटकेचं धोरण असलेल्या राज्यांनी पात्र बंद्याच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून विचार करायचा. म्हणूनच रोलवरची तारीख बिनचूक हवी. मोजणी चुकली तर पात्रतेचा दिवसच चुकतो.

काकांनी सही केली. मग माझं पेन मागून घेतलं, वही मांडीवर ठेवली आणि 'घरी' लिहिलेल्या ओळींवर एकेक करून रेघ मारू लागले. मुलाखतीची वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं तेव्हा सात ओळी राहिल्या होत्या. पेन मी त्यांच्याकडेच ठेवू दिलं.