तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या ट्रकला एवढं लांब नाक का?

आमच्याकडे भारतातून कुणी राहायला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. आम्ही आयोवात, डेव्हनपोर्टला राहतो. घरापासून थोड्याच अंतरावर, इंटरस्टेट ८० च्या कडेला वॉलकॉट नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे एक अवाढव्य ट्रक स्टॉप, शिवाय जुन्या ट्रकांचं म्युझियम. पाहुण्यांना मी तिथे नेतोच. ओळीने उभे असलेले ट्रक पाहून ते विचारतात, "अरे, यांना एवढं लांब नाक कशाला? आपल्याकडचे ट्रक समोरून कसे सपाट असतात. इथे डिझेल स्वस्त म्हणून का?"

डिझेलचा संबंध फार थोडा. खरा संबंध फूटपट्टीचा आहे. कायदा गाडी कुठून कुठपर्यंत मोजतो, त्यावर ट्रकचा चेहरा ठरतो.

युरोपात बंपरपासून ट्रेलरच्या शेवटापर्यंत सगळं मोजतात: साडेसोळा मीटर. तिथे नाक वाढलं तर तेवढा माल कमी. अमेरिकेतही पूर्वी असंच होतं, फक्त प्रत्येक राज्याची पट्टी वेगळी. कुठे ५५ फूट, कुठे ६०, कुठे ६५. आता हिशोब करा. ५५ फुटांत ४५ फुटी ट्रेलर बसवला तर पुढे उरतात १० फूट. त्यातच इंजिन, ड्रायव्हर, त्याची झोपायची जागा आणि वळताना ट्रेलर केबिनला घासू नये म्हणून मधली मोकळी जागा. केनवर्थ या ट्रक कंपनीच्या लांब बॉनेटच्या डब्ल्यू९००एल गाडीत नुसतं बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंतच १३० इंच, म्हणजे जवळपास ११ फूट भरतात. ते गणित जमणारच नाही.

म्हणून ड्रायव्हरला उचलून इंजिनावर बसवलं. याला इथे कॅबओव्हर म्हणतात. माझं मन खरं तर या गाड्यांवर आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. लेलँड जेम्स नावाच्या माणसाची मालवाहतुकीची मोठी कंपनी होती. त्याला हलके आणि आखूड ट्रक हवे होते, ते कुणी बनवून देईना, तेव्हा त्याने अ‍ॅल्युमिनियम वापरून स्वतःच बनवायला घेतले. त्यातूनच पुढे फ्रेटलायनर ही ट्रक कंपनी झाली. १९५० च्या दशकात त्यांनी केबिन आणली फक्त ४८ इंचांची. चार फुटांत ड्रायव्हरचं सगळं घर! झोपायला जागा उरली नाही, तर झोपायची पेटी थेट केबिनच्या छतावर चढवली. त्या गाडीचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ बघत बसलो होतो. एक-एक इंच वाचवायला कुणीतरी किती डोकं चालवलं असेल! केनवर्थने तर त्याच काळात अर्ध्याच केबिनचा ट्रक काढला. डावीकडे इंजिनाच्या बगलेत ड्रायव्हर एकटा, आणि सोबत्याची जागा त्याच्या पाठीमागे. उजवी बाजू मोकळी, त्यामुळे घाटातल्या वळणांवर दिसायचं छान.

आणि व्हाइट कंपनीचा ३०००, १९४९ सालचा. दर जुलैत वॉलकॉटला ट्रकवाल्यांचा मेळावा भरतो, १९७९ पासून. तिथे एका म्हाताऱ्या मालकाने मला तो उघडून दाखवला. त्याने आधी आतला कॉफीचा मग, चष्मा, टोपी सगळं बाहेर काढलं, कारण राहिलेली प्रत्येक वस्तू काचेवर जाऊन आदळते. मग विजेची मोटर घुरघुरली आणि अख्खी केबिन हळूहळू पुढे वाकली, देवाला नमस्कार घालावा तशी. खाली इंजिन उघडं. मालकाने खिशातून फडकं काढलं आणि व्हॉल्व्हच्या झाकणावरचा तेलाचा एक थेंब टिपून घेतला.

मग हे सगळं गेलं कुठे? १९८२ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं की राष्ट्रीय हमरस्त्यांवर एकूण लांबी मोजू नका. ट्रेलर मोजा, आणि ४८ फुटी ट्रेलरला अडवू नका. नाकाचा हिशोबच संपला. ड्रायव्हर मंडळींना नाकवाली गाडीच हवी होती, आणि त्यांचं बरोबरच होतं. कॅबओव्हरमध्ये माणूस पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतो, प्रत्येक खड्डा मणक्यात जातो, इंजिनाची धग आणि आवाज मांडीशी, आणि धडक झाली तर पुढे काचेशिवाय काही नाही. पंधरा-वीस वर्षांत त्या जवळपास दिसेनाशा झाल्या. ऑस्ट्रेलियात मात्र एकूण लांबी अजून मोजतात, म्हणून तीच केनवर्थ मेलबर्नजवळच्या बेजवॉटरच्या कारखान्यात आजही के२२० हा सपाट तोंडाचा ट्रक बनवते. पट्टी बदला, चेहरा बदलतो.

शौकिनांना विचाराल तर बहुतेक जण पीटरबिल्ट ३५९ चं नाव घेतील. १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं तो निघाला. चौकोनी लांब बॉनेट, दोन्ही बाजूंना डब्यांसारखे एअर क्लीनर, केबिनच्या मागून वर गेलेली दोन चकचकीत धुराडी. देखणा आहे, वादच नाही. १९८५ साली केनवर्थने वाऱ्याला वाट देणारा, उतरत्या नाकाचा टी६०० आणला, तेव्हा ड्रायव्हरांनी त्याचं नाव 'मुंगीखाऊ' ठेवलं होतं. डिझेल मात्र त्यानेच वाचवलं, आणि आज रस्त्यावरचे बहुतेक ट्रक त्याच्याच वळणावर गेलेत.

एक नाक मात्र पट्टीने घडवलेलं नाही. १९१६ चा मॅक एसी. त्याचा रेडिएटर इंजिनाच्या मागे, केबिनला लागून. त्यामुळे पुढे जाळी नाहीच, नुसतं घसरतं, बोथट बॉनेट. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना ते तोंड बुलडॉगसारखं वाटलं आणि नाव चिकटलं. पुढे १९३२ साली कंपनीचे मुख्य इंजिनिअर आल्फ्रेड मॅझुरी यांनी दवाखान्यात बरे होत असताना तो कुत्रा कोरला, आणि तोच आजतागायत मॅकच्या बॉनेटवर बसलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे मामा आले होते. कराड-मुंबई मार्गावर त्यांनी तीस वर्षं टाटाची गाडी चालवली, इंजिनाचं अर्धं अंग केबिनमध्ये असणारी. लहानपणी सुट्टीत मी त्या इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसायचो. खंबाटकी चढताना ते इतकं तापायचं की मामा म्हणायचे, "पाय वर घे रे." मेळाव्यात त्यांना लांब नाकाच्या गाड्या दाखवल्या, त्यांनी मान डोलावली. मग आम्ही सत्तरच्या दशकातल्या एका केनवर्थ के१०० पाशी आलो, कॅबओव्हर. मालकाने खुणेनेच विचारलं, बसायचंय का? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण दांडा कुठे धरायचा, पहिला पाय कुठे टाकायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. वर गेल्यावर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकवला.

"थंड आहे," ते म्हणाले. मालकाला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो दुसऱ्या बाजूने चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं.