मोडी पत्रवाचन : आता गाडी साल लावण्यापाशी

अक्षर आता बऱ्यापैकी लागतं. बोरू न उचलता लिहिलेली ओळ कुठे तोडायची, 'रा॥' म्हणजे राजश्री, 'चि॥' म्हणजे चिरंजीव, हे सवयीनं कळतं. मायन्यातही फार वेळ जात नाही. 'विनंती उपरी येथील कुशल जाणोन' ओलांडलं की खरा मजकूर येतो : कर्ज, मुंज, दुखणं, न आलेलं उत्तर. पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, मोहिमांच्या बातम्यांशेजारीच हा संसार बांधलेला आहे, आणि मला मोहिमांपेक्षा तोच जास्त ओढतो.

सध्या सगळा वेळ जातोय तो सालात. सुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं आणि अरबी अंकशब्दांत लिहिलेलं साल, दिलेलं असेल तर सोपं. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१. इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी १७६१ असाच येतो. पण घरच्या पत्रात पुष्कळदा नुसता चंद्र (हिजरी महिन्याची तारीख, खूण 'छ') आणि महिना, फार तर वार. 'छ ५ रजब, भृगुवार' (म्हणजे शुक्रवार), संपलं! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं.

इथे वार कामाला येतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे तीच तारीख दर साली चार-पाच वार पुढे सरकते. पत्र थोरल्या माधवरावांच्या काळातलं, म्हणजे १७६१ ते १७७२ मधलं, हे नावांवरून कळलं असेल तर जंत्रीत (जुन्या तारखा-वारांच्या तक्त्यात) वार जुळणारी सालं मोजकीच उरतात. चंद्रदर्शनापायी एक दिवस मागेपुढे धरावा लागतो, तेवढी सूट ठेवा.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र हवामानाचा. हिजरी महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. १७६१ साली रजब माघात होता, १७७२ साली आश्विनात. पत्रात 'पर्जन्य उघडत नाही' असं असेल तर माघाची सालं आपोआप बाजूला पडतात. पेरणी, आंबे, नदीचं पाणी, असे उल्लेख मी आता वेगळ्या वहीत टिपतोय.

पुढचा बेत : वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तली पटवर्धन सरदारांची पत्रं छापील तारीख झाकून वाचायची, साल आपण लावायचं आणि मग शास्त्रीबुवांच्या तारखेशी ताडायचं. कोणी आधी करून पाहिलं असेल तर कोणत्या खंडापासून सुरुवात करावी ते जरूर सांगा.