कोलोरॅडोत एल्कसाठी रायफल निवडताना

सिंधुदुर्गातील आमच्या घरी आजोबांची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांना पिटाळण्यासाठी बार काढणे एवढाच तिचा उपयोग मी पाहिला आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर भारतात हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरला नव्हता. त्यामुळे अमेरिकेत कोलोरॅडोतील डेन्व्हरला स्थायिक झाल्यावर एका सहकाऱ्याने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला येण्याचा आग्रह केला, तेव्हा माझे बंदुकीचे ज्ञान त्या ठासणीच्या बंदुकीपाशीच थांबलेले होते.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तेथेच कळले की एल्कसाठी रायफलचा कॅलिबर (नळीचा आतला व्यास) किमान .२४ इंच, गोळी किमान ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅमची) आणि आघातानंतर पसरणारी असावी लागते, तसेच १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असावी लागते. बाजारातील बहुतेक रायफली हे निकष सहज ओलांडत असल्याने निवडीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. मला एकच रायफल परवडणार होती, आणि तीच म्यूल हरणापासून सव्वादोनशे किलोंच्या एल्क मादीपर्यंत चालायला हवी होती.

सहकाऱ्याची शिफारस .३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रायफलची होती आणि त्याने स्वतःची रायफल मला नेमबाजीच्या मैदानावर वापरून पाहायला दिली. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या लागल्या, मात्र पाचवीपर्यंत माझा नेम पार विस्कटला. मग त्याने माझ्या नकळत रिकामे काडतूस भरले. चाप ओढताच बार झाला नाही, पण नळीचे तोंड ठळकपणे खाली झुकले. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीने मी आधीच अंग चोरत होतो, हे त्या एका क्षणात उघड झाले. इतकी ताकदवान रायफल घेऊन जनावर जखमी अवस्थेत पळवून लावण्यापेक्षा, मला न घाबरवणारी रायफल घेणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटले.

त्यानंतर .३०-०६, .३०८ आणि ६.५ क्रीडमूर अशा काडतुसांचे तीन पर्याय उरले. १९०६ पासूनचे .३०-०६ काडतूस कोणत्याही जनावराला पुरेसे असले तरी त्याचा धक्का .३०८ पेक्षा थोडा जास्त असतो आणि त्याला लांब ॲक्शन (काडतूस नळीत भरणारी यंत्रणा) लागते. २००७ मध्ये आलेले क्रीडमूर खांद्याला सर्वांत सुखद होते. एल्कसाठी मात्र मला अधिक जड गोळी हवी होती. अखेर १९५२ पासून विकल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टरवर मी स्थिरावलो. तिचा धक्का त्या मॅग्नमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो, १६५ ग्रेनची गोळी दोन्ही जनावरांना चालते आणि डोंगरातल्या लहान गावातील दुकानातही ही काडतुसे मिळतात.

सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट आणि रुगर अमेरिकन अशा तिन्ही स्वस्त रायफली मी दुकानात खांद्याला लावून पाहिल्या. फिनलंडची टिक्काही हाती घेतली. तिचा बोल्ट (काडतूस भरताना मागेपुढे सरकवायचा दांडा) लोण्यासारखा सरकत होता, पण किंमत पाहून ती परत ठेवली. पाचशे डॉलरच्या आसपासची रुगर घेतली आणि वाचलेले पैसे ३-९ पट मोठे दाखवणारी दुर्बीण व सरावाची काडतुसे यांवर खर्च केले. ग्रीनकार्ड असल्यामुळे ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन तीन दिवसांच्या प्रतीक्षेनंतर रायफल हाती आली. एच-१बीवरील मित्रांना ही खरेदी सहसा करता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे.

पहिल्याच सरावात गोळ्या ताटभर पसरल्या आणि मी रायफलला दोष देऊ लागलो. प्रत्यक्षात दुकानात बसवून घेतलेल्या दुर्बिणीचे तळाचे स्क्रू ढिले होते. ते मोजून आवळल्यावर १०० यार्डांवर तीन गोळ्या बशीच्या खळग्यात मावू लागल्या. मग दुर्बीण २०० यार्डांवर जुळवली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी. तशी जुळवली असता ३०० यार्डांवर गोळी जवळजवळ वीतभर खाली जाते, म्हणून २५० ही मी स्वतःची मर्यादा ठरवली. टेबलावरचा सराव सोडून पाठपिशवीवर टेकून, बसून आणि गुडघ्यावर असा नेम धरण्यातच पुढचे दोन महिने घालवले.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी इतर शिकाऱ्यांना दिसावे म्हणून भगवे जाकीट घालून दहा हजार फूट उंचीवर बसलो असताना समोरच्या उतारावर एक मादी दिसली. अंतर ३४० यार्ड होते, म्हणून ती झाडीत शिरेपर्यंत मी चापाला बोट लावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी १६० यार्डांवरून एकच गोळी पुरली. मांस गाडीपर्यंत नेण्यासाठी आम्हा दोघांना तीन फेऱ्या कराव्या लागल्या, आणि शेवटच्या चढावर रायफलच्या हलकेपणाचे मोल मला दुकानातल्यापेक्षा कितीतरी अधिक वाटले.