तपासणीचा दर फलकावर हवा : आमच्या पॅक हाउसची वाटचाल

2003 साली युरोपात आपली द्राक्षे रेसिड्यूवरून, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या उरलेल्या अंशावरून, अडकली, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने तपासणीची शिस्त लावली आणि लोक म्हणू लागले, आता निर्यात बड्यांचीच. नेमके तेव्हाच आम्ही दिंडोरी तालुक्यात निर्यातीची द्राक्षे भरण्याचे पॅक हाउस उभे केले. तोडलेला माल लगेच थंड करायची, प्री-कूलिंगची एक खोली, एक कोल्ड रूम आणि गावातल्याच बायका कात्रीवर. त्यांच्या हाताला आजही तोड नाही.

पहिला कंटेनर भरला तो पिंपळगावकडच्या अण्णांच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांनी. रसातली गोडी ब्रिक्समध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही त्यांनीच आणून दिला. तो अजून माझ्या टेबलावर आहे आणि अजून खरे सांगतो. घडाच्या खांद्याचा एक मणी, मधला एक आणि शेंड्याचा एक, प्रत्येकाचा थेंब काचेवर, मग उजेडाकडे तोंड. शेंड्याला 16 ब्रिक्स भरले तरच घड कात्रीखाली. नवीन पोरांना सांगतो, रोज सकाळी आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्य बघा, मगच बागेत जा.

2010 मध्ये मात्र आम्ही बुडता बुडता वाचलो. सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. इथले अहवाल स्वच्छ आणि तिकडच्या तपासणीत ते सापडले. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. माल तिकडच्या कोल्ड स्टोअरमध्ये पडून, भाडे चढतेय, आयातदार फोन उचलत नाही आणि इकडे बागाईतदार पैशाला दारात. त्यांचे काय चुकले होते? बायकोचे दागिने बँकेत गेले तेव्हा कुठे पहिला हप्ता देता आला.

त्याच दिवसांत फेरतपासणीचा सपाटा सुरू झाला आणि एका खासगी लॅबने आम्हाला पिळले. बड्या निर्यातदाराला नमुन्यामागे एक दर, आम्हाला दुसरा, तोही फोनवर. ‘अर्जंट’ म्हटले की आणखी वर. खोलीत माल भरलेला, जनरेटर डिझेल पितोय, घासाघीस करायची कोणाच्या जोरावर? त्याच बड्याने मग आमचे बागाईतदार फोडले. ‘तपासणी आमच्याकडून फुकट,’ एवढे म्हटले की झाले. आमच्या बिलात दिसणारा खर्च त्याच्याकडे किलोच्या भावात मुरत होता, हे लोकांना उमगायला दोन हंगाम गेले. अण्णांनी मात्र बाग दिली नाही. म्हणाले, “भाऊ, तुझं बिल मला वाचता येतं.”

पुढची वर्षे बरी गेली. पण ही सल गेलेली नाही.

बाजार समितीत सेस किती, देखरेख खर्च किती, हे 1963 च्या पणन कायद्याखाली ठरते. हे दोन्ही खरेदीदार भरतो. शेतकऱ्याची जी कपात होते ती हिशेबपट्टीवर दिसते, तो भांडू शकतो. फायटोची, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची, फीसुद्धा सरकारनेच ठरवलेली, पावतीसकट. मग ज्या तपासणीवर अख्खा कंटेनर अडतो, तिचा दर फोनवर का ठरावा? लॅबवाले म्हणतात, यंत्रे कोटींची आहेत, रसायने बाहेरून येतात. मान्य. तो खर्च धरूनच राज्याने कमाल दर ठरवावा. उगाच स्वस्त केला तर तपासणीच कच्ची होईल आणि पुन्हा 2010 होईल. महाग असू दे, पण एक कंटेनरवाल्याला आणि शंभरवाल्याला एकच असू दे, आणि लॅबच्या दारावर लिहिलेला असू दे.

तोवर माझे ऐका. सॅम्पल घेणारा बागेत शिरण्याआधी दर लेखी घ्या, निदान मोबाइलवर तरी. अहवाल कोणत्या तारखेला मिळणार तेही त्यातच. नमुन्याचा दुसरा भाग तुमच्यासमोर सील करून घ्या, सही करा. बिलाची प्रत बागाईतदाराला द्या, मागितली नाही तरी.

आणि फेरतपासणीत पहिला अहवाल चुकीचा ठरला, तर त्या फेरीचा खर्च लॅबने सोसावा, हेही सरकारी दरपत्रकात यायला हवे. आजवर तो आम्हीच भरत आलो आहोत.